धुतलेला कॉम्प्युटर

कीबोर्ड उलटा करून तिने तो पांढऱ्या कापडावर आपटला आणि खाली जे पडलं ते पाहून ती दोन पावलं मागे सरली. बिस्किटाचा चुरा, चार-पाच केस, कुणाच्या तरी नखाचा तुकडा, कसलंतरी वाळकं साल आणि एक मेलेली मुंगी.

"शी! माणसं यावर काम करत होती की जेवत होती?" असं म्हणून तिने हातमोजे बदलले, स्पिरिटचा बोळा घेतला आणि एकेका बटणाच्या कडेने फिरवायला सुरुवात केली. शेजारी तिची धाकटी जाऊ हसू दाबत उभी होती. हसू दाबायची सवय तिला एकोणीस वर्षांची होती, कारण तेवढी वर्षं या दोघी एकाच घरात आणि एकाच खोलीत होत्या.

खोली म्हणजे इस्पितळाच्या तळमजल्यावरचा निर्जंतुकीकरण विभाग. ऑपरेशन थिएटरमधून रक्ताने बरबटलेली हत्यारं एका दाराने आत यायची. तिथे ती धुवायची, घासायची, भिंगाखाली बघायची, मग कुठल्या शस्त्रक्रियेला काय लागतं त्याप्रमाणे ट्रेमध्ये लावायची, कापडात गुंडाळायची, वाफेच्या मशीनमध्ये घालायची आणि पलीकडच्या खिडकीतून बाहेर द्यायची. खिडकीतून जे जाईल ते निर्जंतुकच गेलं पाहिजे, हा एकच नियम. एकतीस वर्षांत तो एकदाही मोडला नव्हता. खोलीत चौघी होत्या आणि ही त्यांची मुख्य. तोंडावर तिला सगळे मोठ्या ताई म्हणत आणि पाठीमागे फिनेल. तिला ते ठाऊक होतं. फिनेल म्हणवून घेण्यात वाईट काय आहे, हे तिला कधीच कळलं नाही.

तिला शिसारी बसायला फार काही लागत नसे. नाकाखाली मास्क ओढून बोलणारे डॉक्टर, लिफ्टच्या बटणावरचे तेलकट ठसे, पानं उलटताना बोटाला थुंकी लावणारा माणूस. आणि आता हा कॉम्प्युटर. चौकशीच्या काउंटरवर नऊ वर्षं झिजून तिच्या खोलीत येऊन पडला होता आणि सुरू केला की आजारी म्हाताऱ्यासारखा घरघरत होता.

तो तिने मागितला नव्हता. आठवड्यापूर्वी व्यवस्थापक साहेबांनी तिला वर बोलावून सरळ सांगितलं होतं, "ताई, एक बाहेरची कंपनी तुमचं काम घ्यायला तयार आहे. त्यांच्याकडे प्रत्येक ट्रेची यादी कॉम्प्युटरवर असते. आपल्याकडे?"

"आपल्याकडे माझ्या डोक्यात आहे."

"तेच तर. तुम्ही दोन महिन्यांनी निवृत्त होणार. मग ते डोकं आम्ही कुठून आणू? पुढच्या महिन्यात पहिल्या सोमवारी तपासणी समिती येतेय. त्या दिवशी सगळ्या याद्या कॉम्प्युटरवर दिसल्या तर खोली आपल्याकडे राहील. नाही दिसल्या तर कंत्राट त्यांना जाईल. बाकीच्या तिघींना मग घरी बसावं लागेल, हे मी आधीच सांगून ठेवतो."

याद्या एकशे चौसष्ट. कागदावर एकही नव्हती, आणि त्याचंही कारण तीच होती. कागदाचा भुगा उडतो, तो हत्यारांवर बसतो, म्हणून तिने खोलीत कागदाला बंदी केली होती. कोणत्या सर्जनला कोणता चिमटा लांब लागतो आणि कोणाला आखूड, सिझेरियनच्या सेटमध्ये कात्र्या किती, हाडांच्या सेटमध्ये हातोडी कोणती, सगळं ती तोंडपाठ सांगे. जिथे ती अडे तिथे जाऊ पुरवणी करी. बाकीच्या दोघी ऐकून लावत.

कीबोर्ड धुतल्याच्या दुसऱ्या दिवशी संगणक विभागाचा माणूस आला. विभाग म्हणजे तो एकटाच. त्याच्या बॅगेवर, पाण्याच्या बाटलीवर, फोनच्या मागे, जिथे जागा सापडेल तिथे पेंग्विनचं चित्र चिकटवलेलं असल्यामुळे अख्खं इस्पितळ त्याला पेंग्विनच म्हणायचं. तो दारातून तसाच आत शिरत होता.

"थांब! बुटांवर कव्हर, डोक्याला टोपी, हात धू."

"ताई, मी फक्त कॉम्प्युटरला हात लावणार आहे."

"तो तर मी कालच धुतलाय. म्हणून तर म्हणते, हात धू."

तो मुकाट्याने हात धुऊन बसला आणि मग त्याची कीर्तनं सुरू झाली. याद्यांचा नवा प्रोग्रॅम विंडोजवर चालत नाही, लिनक्सवरच चालतो, ज्याचं चिन्ह तो पेंग्विन. विंडोजचे दिवस भरले. व्हायरस, पेनड्राइव्ह, रोजची अपडेटं, सगळा कचरा. लिनक्स कसं मोकळं, कसं जगभरच्या लोकांनी मिळून केलेलं. जगभरच्या लोकांनी हात लावलेली वस्तू म्हटल्यावर तिने नाक मुरडलं.

"नवं मशीन सोमवारी, तपासणीच्या दिवशी सकाळी येणार," तो म्हणाला. "तोवर थांबलो तर याद्या कधी भरणार? म्हणून मी काय करतो, या जुन्या विंडोजच्या पोटातच एक दुसरा कॉम्प्युटर बसवतो. व्हर्च्युअल मशीन म्हणतात. तो खरा नसतो, पण ते त्याचं त्याला माहीत नसतं. त्याच्यात लिनक्स घालतो. तुम्ही त्यात काम करा. सोमवारी मी ती अख्खी फाईल उचलून नव्या मशीनवर ठेवीन. झालं."

पोटातला कॉम्प्युटर म्हटल्यावर तिला जंत आठवला. पडद्यावर विंडोजच्या खिडकीत आणखी एक खिडकी उघडली, तिच्यात काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी सरसर वर सरकायला लागल्या, आणि तिला खरोखरच काहीतरी वळवळताना दिसतंय असं वाटलं. तिने तोंड फिरवलं.

"यात गोंधळ झाला तर?" जावेने विचारलं.

"आतला गोंधळ आत. बाहेरच्या विंडोजला काही होत नाही. बाहेरचाही सहसा आत येत नाही."

हे मात्र ताईला कळलं. मळकी बाजू, चांगली बाजू, मध्ये भिंत. तिने पहिल्यांदाच पडद्याकडे नीट पाहिलं. पण ते कौतुक पाच मिनिटं टिकलं. तिने माऊस धरून आतल्या खिडकीत नेला आणि तो बाहेरच येईना. कितीही ओढा, खिडकीच्या कडेला जाऊन थटायचा. पेंग्विन म्हणाला, उजवीकडचं कंट्रोल दाबा, की सुटतो. ती दाबायची डावीकडचं. दिवसातून वीस वेळा माऊस आत कोंडला जायचा आणि वीस वेळा ती "मेला, अडकला परत!" म्हणून ओरडायची. त्यात जुन्या मशीनची अर्धी मेमरी आतल्याला दिलेली, म्हणून दोन्ही रखडायचे. एक अक्षर उमटेपर्यंत एक कात्री घासून व्हायची. पासवर्ड टाइप करताना पडद्यावर ठिपकासुद्धा उमटत नसे.

"लिहिलं की नाही ते कळायचं कसं?"

"विश्वास ठेवायचा, ताई."

विश्वासावर हत्यारं निर्जंतुक होत नसतात, असं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. वाफेच्या मशीनमध्ये जाणाऱ्या प्रत्येक गाठोड्याला ती एक पट्टी चिकटवायची. वाफ नीट लागली की तिच्यावरच्या रेघा काळ्या पडत. रेघा काळ्या झाल्या तरच विश्वास.

तिसऱ्या दिवशी तिच्या हातून काहीतरी भलतंच दाबलं गेलं. खालची पट्टी नाहीशी झाली, अक्षरं मुठीएवढी झाली, रंग उलटे झाले. तिने पेंग्विनला बोलावलं. तो हसला. "काही नाही हो. पहिल्याच दिवशी मी याचा फोटो काढून ठेवलाय. काही बिघडलं की या यादीत जायचं, पहिल्या दिवसाचा फोटो निवडायचा, हे बटण दाबायचं. होता तसा होतो." त्याने दाबलं. मिनिटभरात सगळी घाण गेली. निळा, मोकळा, कोरा पडदा. एकही डाग नाही.

ती बघत राहिली. एकतीस वर्षांत पहिल्यांदाच तिला एक यंत्र असं दिसलं होतं की ज्याला अंघोळ घालता येते. त्या दिवशी तिने पेंग्विनला चहा पाजला. बाकीच्या तिघी एकमेकींकडे बघत राहिल्या, कारण हे अघटित होतं.

मग कामाला सुरुवात झाली. ताई हातात हत्यार धरून सांगायची आणि जाऊ टाइप करायची. जावेची बोटं चपळ होती. लग्नाआधी ती टायपिंग शिकली होती, पण त्याचा उपयोग तिला कुणी कधी करू दिला नव्हता. "सरळ चिमटे सहा, वाकडे आठ. लांब दांड्याची कात्री एक. अगं, मोठ्या डॉक्टरांच्या सेटला दोन, ते पहिली नेहमी खाली पाडतात." जाऊ टाइप करायची, हसायची, पुढे जायची. दिवसाला आठ-नऊ सेट व्हायचे. जावेने एकदा म्हणून पाहिलं, "ताई, जोडीला कागदावरही उतरवून ठेवू का? बाहेरच्या बाजूला बसून लिहीन."

"कागद? बाहेर लिहिशील आणि आत घेऊन येशील. काही नको."

चौथ्या आठवड्यापर्यंत तो आतला कॉम्प्युटर म्हणजे सगळ्यांचं खेळणं झाला होता. बाकीच्या दोघींपैकी एकीने पडद्यावर सिनेमातल्या नटाचा फोटो लावला. दुसरीला पत्त्यांचा खेळ सापडला. जावेने बोटांचा सराव म्हणून केलेल्या, निरर्थक अक्षरांच्या फायली पडद्यावर सगळीकडे सांडल्या होत्या. ताईला ते पाहिलं की अंगावर पाल पडल्यासारखं व्हायचं, पण काम अडू नये म्हणून ती दात-ओठ खात गप्प बसायची.

शनिवारी दुपारी एकशे चौसष्टावी यादी भरून झाली. जावेने बोटं मोडली. "झालं हो ताई! आता कुणाची टाप आहे आपल्याला हलवायची!" ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. तिच्या संसारात मिळवणारी ती एकटीच होती. तिच्या नवऱ्याला पाठीचं दुखणं जडल्यापासून तो बसूनच होता. ताईने तिच्या खांद्यावर हात ठेवला. हातमोजा न घालता ठेवला, हे जावेच्याही लक्षात आलं. मग तिघी घरी गेल्या, आणि ताई कुलूप लावायला मागे राहिली.

सोमवारी समिती येणार. पेंग्विन ही फाईल उचलून नव्या मशीनवर ठेवणार. आणि ते तिघं-चौघं परके लोक बघणार काय, तर तो नट आणि ते पत्ते. त्या विचारानेच तिला ओशाळल्यासारखं झालं. तिच्या खोलीतून आजवर एकही वापरलेली वस्तू न धुता बाहेर गेलेली नव्हती. चार आठवडे चौघींनी हाताळलेला हा कॉम्प्युटर तसाच खिडकीतून द्यायचा?

तिने यादी उघडली. पहिल्या दिवसाचा फोटो निवडला. बटण दाबलं. एक चौकट आली. इंग्रजी ती अक्षरं लावून वाचायची. आत्ताची स्थिती कायमची जाईल, असं काहीसं लिहिलं होतं, आणि आत्ताच्या स्थितीचाही एक फोटो ठेवायचा का, असं विचारणारा एक लहान चौकोन होता. घाणीचा फोटो कशाला ठेवायचा? तिने चौकोन रिकामाच ठेवला. याद्यांचं काय होईल, हा प्रश्न तिच्या मनाला शिवलासुद्धा नाही. ट्रे धुतला की रक्त जातं. कात्र्या थोड्याच जातात?

मिनिटभरात पडदा निळा, मोकळा, कोरा झाला. तिला इतकं बरं वाटलं की ती दोन क्षण नुसती बघत बसली. याद्यांचा प्रोग्रॅम उघडून बघावा असंही तिला वाटलं नाही. वाफेतून निघालेलं गाठोडं आत सगळं आहे ना म्हणून कुणी सोडून बघत नाही. सोडलं की ते पुन्हा धुवावं लागतं. तिने मशीन बंद केलं, कीबोर्डवरून स्पिरिटचा बोळा फिरवला आणि कुलूप लावलं.

सोमवारी सकाळी नवं मशीन आलं. समितीचे तिघे बुटांवर कव्हर घालून ओळीत उभे राहिले, आणि त्यांना हात धुवायला सांगितल्यावर त्यांनी ते धुतलेही. व्यवस्थापक साहेब खूश दिसत होते. पेंग्विनने फाईल आणली, मशीन सुरू केलं, प्रोग्रॅम उघडला.

एकूण याद्या शून्य.

"बंद करून परत उघड," ताई म्हणाली. त्याने उघडला. शून्य. मग त्याने फोटोंची यादी बघितली, तारीख बघितली, आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. "शनिवारी कुणी पहिल्या दिवसावर नेलं हे?"

"मी. देण्याआधी धुतलं."

समितीतल्या बाईंनी पेनाचं टोपण लावलं. पेंग्विन धावत कोपऱ्यातल्या जुन्या मशीनकडे गेला आणि दुपारपर्यंत तिथेच बसून राहिला. उठला तेव्हा त्याला घाम फुटला होता. "नाही मिळत. दुसरी प्रत मी घेऊन ठेवायला हवी होती. आज घेतो, उद्या घेतो करत राहिलो. आणि त्या बटणाने काय काय जातं, तेही मी तुम्हाला सांगायला हवं होतं. मला वाटलं, ते कुणालाही कळेल."

ताईला त्याचा राग आला नाही. तिला स्वतःचीच किळस आली. आपल्याच हातांची. दिवसातून चाळीस वेळा धुतलेले, कडेने सोललेले, फिनेलचा वास येणारे ते हात तिला कापून टाकावेसे वाटले. जाऊ भिंतीला टेकून उभी होती. ती रडली असती तर बरं झालं असतं. पण ती पडद्यावरच्या त्या शून्याकडे नुसती बघत होती.

"मी परत सांगते सगळ्या," ताई साहेबांना म्हणाली. "तीन आठवड्यांत करून देते. दोन आठवड्यांत!"

"समितीला जे दिसलं ते दिसलं, ताई. माझ्या हातात काही नाही."

कंत्राट गेलं. आठ दिवसांनी कंपनीचा माणूस आला. मास्क नाकाखाली. त्याने वाफेच्या मशीनवर कोपर टेकलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, "याद्या कुठायत?" त्याच संध्याकाळी साहेबांनी ताईला वर बोलावलं. कंपनीकडे कॉम्प्युटर आहेत, बारकोड आहेत, माणसं आहेत, पण या इस्पितळाचे सेट त्यांना कोण सांगणार? म्हणून ताईंना निवृत्तीनंतरही वर्षभर ठेवून घ्यायचं ठरलं होतं. सल्लागार म्हणून. वेगळी खुर्ची, वेगळं टेबल.

"मला नको," ती म्हणाली. "ठेवायचंच तर माझ्या जावेला ठेवा. तिलाही येतं सगळं."

"एकच जागा आहे, आणि ती सगळ्या याद्या डोक्यात असलेल्या माणसासाठी आहे. तुम्ही नाही म्हणालात तर मी कोणाला जबरदस्ती करणार नाही. पण उद्या पोट उघडल्यावर सेटमध्ये चिमटा कमी निघाला, तर?"

तो 'तर' तिला डोळ्यांसमोर दिसला. उघडं पोट, पुढे केलेला डॉक्टरांचा हात, आणि त्या हातात ठेवायला काही नाही. तिने हो म्हटलं. म्हणताना तोंडाला कडू चव आली आणि ती घरी पोचेपर्यंत गेली नाही.

घरात स्वयंपाकघर एकच होतं. जाऊ ओट्यापाशी कणीक मळत होती. ताईने चहा केला, दोघींचा. जावेपुढे कप ठेवला आणि सांगून टाकलं. साहेब काय म्हणाले, आपण काय म्हणालो, सगळं. उघड्या पोटाचंही सांगितलं.

जाऊ ऐकत राहिली. मळणारे हात थांबले नाहीत.

"म्हणजे याद्या कॉम्प्युटरवर असत्या," ती म्हणाली, "तर दोन महिन्यांनी तुम्हाला घरी बसावं लागलं असतं. आणि मी कामावर असते."

"अगं, हो. पण..."

"आता मी घरी बसणार. तुम्हाला खुर्ची."

"मी सांगितलं त्यांना तुझ्याबद्दल! शपथ घेऊ का?"

"ताई, एकच विचारते. खरं सांगा. तुम्ही ते मुद्दाम पुसलंत का?"

धुतलं, असं ताईला म्हणायचं होतं. मी धुतलं, पुसलं नाही. पण ते तिचं तिलाच इतकं पोकळ वाटलं की ती नुसती मान हलवत राहिली. नाही, नाही, नाही. एकोणीस वर्षं शेजारी उभं राहून हसू दाबणारी ही बाई, आणि आज तिच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं, रागही नव्हता. कीबोर्डमधून पडलेल्या त्या नखाकडे पाहताना आपला चेहरा असाच झाला असेल, हे ताईला कळलं.

"बरं," जाऊ म्हणाली.

चहा तिने घेतला नाही. तो तसाच निवला. शेवटी ताईने उठून दोन्ही कप नळाखाली नेले, घासले, तीन पाण्यांतून काढले आणि पालथे घातले. मग हात पुसत ती दारापर्यंत गेली आणि मागे भांड्यांचा आवाज आला म्हणून वळली.

जावेने त्यातला स्वतःचा कप उचलला होता. नळ सोडून, पुन्हा साबण लावून, ती तो आतून-बाहेरून घासत होती.